जमिनीतून घरात येणारा रेडॉन: मोजायचा कसा आणि कमी कसा करायचा

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये घर घेणाऱ्या कोल्हापूरच्या मुलामुलींकडून इकडच्या आईवडिलांच्या कानावर हल्ली एक नाव वारंवार येते. छप्पर, वायरिंग, वाळवी यांची तपासणी करतात तशी तिकडे अनेक ठिकाणी घरातल्या ‘रेडॉन’चीही तपासणी होते आणि आकडा ठरावीक पातळीपेक्षा जास्त निघाला, तर व्यवहार पुरा होण्याआधी त्याची दुरुस्ती करून मागितली जाते. हे ऐकल्यावर साहजिकच प्रश्न पडतो, की हा प्रकार नेमका आहे तरी काय आणि राजारामपुरीतल्या किंवा शिवाजी पेठेतल्या आपल्या घरातही तो असतो का? असतो, प्रत्येक घरात थोडाफार असतोच. मात्र एखाद्या घरात तो किती आहे, हे मोजल्याशिवाय कोणालाही सांगता येत नाही. कोल्हापूरच्या जमिनीचा विचार करता बहुतेक घरांत तो कमी असण्याची शक्यता अधिक आहे, म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. तरीही आपली घरे बांधण्याची आणि वापरण्याची पद्धत बदलत असल्यामुळे काही खोल्यांकडे लक्ष द्यायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

रेडॉन म्हणजे काय?

जगातल्या जवळजवळ सर्व खडकांत आणि मातीत अत्यल्प प्रमाणात युरेनियम असते. त्याच्या अणूचे केंद्र अस्थिर असल्यामुळे ते आपोआप फुटत राहते आणि त्यातून कण व ऊर्जा बाहेर पडतात. यालाच किरणोत्सर्ग म्हणतात. अशा रीतीने युरेनियमपासून टप्प्याटप्प्याने रेडियम तयार होते आणि रेडियमपासून रेडॉन. युरेनियम आणि रेडियम हे घन पदार्थ असल्यामुळे ते खडकातच राहतात. रेडॉन मात्र वायू आहे, त्यामुळे तो मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून आणि खडकांच्या भेगांतून वर सरकू शकतो. त्याला रंग, वास किंवा चव नाही. तो कोणत्याही पदार्थाशी सहसा संयोग पावत नाही, आणि म्हणून त्याची चाहूल कोणत्याही इंद्रियाला लागत नाही.

रेडॉनचे आयुष्य थोडे असते. आज जितका रेडॉन एका जागी कोंडला असेल, त्यातला निम्मा 3.8 दिवसांत नाहीसा होतो. त्यामुळे फार खोलवर तयार झालेला वायू पृष्ठभागापर्यंत पोहोचण्याआधीच संपतो आणि आपला संबंध मुख्यतः पायाखालच्या काही मीटरांतील जमिनीशी येतो. उघड्यावर हा वायू वाऱ्यात मिसळून विरळ होतो. घरात मात्र तो साठू शकतो.

रेडॉन मोजण्याचे एकक बेकरेल हे आहे. एका सेकंदाला एक अणू फुटला, तर तो एक बेकरेल. एक घनमीटर हवेत किती बेकरेल आहेत, यावरून घराची पातळी ठरते. मोकळ्या हवेत हा आकडा साधारण 5 ते 15 असतो, तर जगभरातल्या घरांची सरासरी सुमारे 40 आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 100 ही पातळी सुचवली आहे आणि जिथे ती गाठणे शक्य नाही, तिथेही 300 च्या वर जाऊ नये, असे म्हटले आहे. अमेरिकेत सुमारे 148 बेकरेलला दुरुस्ती करण्याचा सल्ला दिला जातो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीत सुमारे 28 घनमीटर हवा मावते. म्हणजे 100 बेकरेलच्या पातळीला त्या खोलीत दर सेकंदाला रेडॉनचे सुमारे 2,800 अणू फुटत असतात. हा आकडा ऐकायला मोठा वाटला, तरी तो किती वर्षे सोसला जातो, यावर खरा धोका अवलंबून असतो.

घर हा वायू आत कसा ओढते?

जमिनीतला वायू घरात आपणहून जितका शिरतो, त्याहून अधिक तो ओढला जातो. गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडे पेटली, की तापलेली हवा धुराड्यातून वर निघून जाते आणि तिची जागा घेण्यासाठी चुलवाणाच्या तोंडातून बाहेरची हवा आत खेचली जाते. घरातही हेच, पण अगदी मंद गतीने घडत असते. घरातली हवा बाहेरच्या हवेपेक्षा उबदार झाली, की ती वरच्या मजल्यावरून, जिन्यातून, झरोक्यातून बाहेर पडते आणि तळमजल्यावर हवेचा दाब किंचित कमी होतो. दारे-खिडक्या उघड्या असतील, तर ती तूट बाहेरच्या ताज्या हवेने भरून निघते. त्या बंद असतील, तर जमिनीखालची हवा वाट शोधते.

अशा वाटा प्रत्येक घरात असतात. भिंत आणि फरशी जिथे भेटतात तिथली केसाएवढी फट, न्हाणीच्या आणि सिंकच्या पाईपभोवती अर्धवट बुजवलेले भोक, कोब्याला गेलेला तडा, जुन्या वाड्यातल्या तळघराची दगडी भिंत, अशा कितीतरी जागा सांगता येतील. पंचगंगेच्या काठाकडच्या काळ्या मातीवर उभ्या असलेल्या घरांचा इथे वेगळा विचार करावा लागतो. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला खोल भेगा पडतात. या हालचालीने तळमजल्याच्या फरशीला तडे जाणे आपल्याकडे नवीन नाही. ओली चिकणमाती वायूला अडवते, पण भेगाळलेल्या मातीतून तो सहज वर येतो.

या वायूने नेमका अपाय काय होतो?

रेडॉन श्वासाबरोबर आत जातो आणि त्यातला बहुतेक तसाच बाहेर येतो. अपाय होतो तो मुख्यतः त्याच्यापासून पुढे तयार होणाऱ्या पदार्थांमुळे. रेडॉनचा अणू फुटला, की पोलोनियम, शिसे आणि बिस्मथ यांचे किरणोत्सर्गी अणू क्रमाने तयार होतात. हे पदार्थ घन असल्यामुळे हवेतल्या धुळीला चिकटतात, श्वासनलिकेच्या ओलसर आतल्या बाजूवर बसतात आणि तिथेच फुटतात. त्यांपैकी पोलोनियममधून अल्फा कण बाहेर पडतो. हा कण त्वचेच्या बाहेरच्या मृत थरालाही भेदू शकत नाही, पण फुफ्फुसाच्या आत असा संरक्षक थर नसल्यामुळे तो जिवंत पेशीतल्या गुणसूत्रांना थेट इजा करतो. बहुतेक इजा शरीर दुरुस्त करते. वर्षानुवर्षे ती होत राहिली, तर एखादी दुरुस्ती चुकते आणि कर्करोगाची सुरुवात होऊ शकते.

ही गोष्ट प्रथम खाणकामगारांमध्ये लक्षात आली. घरांकडे जगाचे लक्ष वेधले गेले, ते डिसेंबर 1984 मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात घडलेल्या एका प्रसंगाने. लिमरिक येथील अणुवीज केंद्राचे बांधकाम चालू असताना तिथे काम करणारे स्टॅन्ली वॉट्रास यांच्यामुळे किरणोत्सर्ग टिपणारी यंत्रे वाजू लागली. केंद्रात वीजनिर्मिती सुरूही झालेली नव्हती. पुढे असे दिसले, की ते सकाळी कामावर आत शिरतानाही यंत्र वाजते. म्हणजे किरणोत्सर्गी कण ते घरूनच अंगावर घेऊन येत होते. त्यांच्या घरातली पातळी एक घनमीटरला सुमारे 1,00,000 बेकरेल निघाली. कुटुंबाने घर सोडले, दुरुस्ती झाली आणि नंतर ते त्याच घरात परतले. या प्रसंगातली ती शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण इतक्या टोकाच्या घरालाही उपाय होता.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1988 मध्ये रेडॉनची गणना माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या घटकांत केली. फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानाखालोखाल रेडॉनचा क्रमांक लागतो आणि निरनिराळ्या देशांत या रोगाचे 3 ते 14 टक्के रुग्ण त्याच्यामुळे होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. डोकेदुखी, खोकला, अंगावर पुरळ अशा तक्रारी मात्र रेडॉनमुळे होत नाहीत. त्यामुळे घरातल्या आजारपणाचे खापर त्याच्यावर फोडणे चुकीचे ठरेल, आणि कोणाला काही त्रास नाही म्हणून तो घरात नाही, असेही समजता येणार नाही.

विडी-सिगारेट ओढणाऱ्यांसाठी हिशेब वेगळा का?

युरोपातील 9 देशांतल्या 13 अभ्यासांची माहिती एकत्र करून 2005 मध्ये एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यात फुफ्फुसाचा कर्करोग झालेले 7,148 रुग्ण आणि तुलनेसाठी 14,208 इतर माणसे होती. घरातल्या दीर्घकालीन पातळीत दर 100 बेकरेलची वाढ झाली, की फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे 16 टक्क्यांनी वाढतो, असे त्यात आढळले.

नुसते 16 टक्के म्हटले, की अर्थबोध होत नाही, म्हणून माणसांच्या संख्येत पाहू. कधीही धूम्रपान न केलेल्या 1,000 माणसांपैकी वयाच्या 75 वर्षांपर्यंत हा कर्करोग होणाऱ्यांची संख्या, घरात रेडॉन अजिबात नसेल तर सुमारे 4, पातळी 100 असेल तर 5 आणि 400 असेल तर 7 येते. सिगारेट ओढणाऱ्या 1,000 माणसांत हेच आकडे अनुक्रमे सुमारे 100, 120 आणि 160 असे आहेत. धूम्रपान आणि रेडॉन एकमेकांचा घात वाढवतात, तो असा.

निपाणीचा तंबाखूपट्टा आपल्या शेजारी आहे आणि विडी ओढणारी माणसे आपल्या घरोघरी आहेत. वरचे आकडे पाहिल्यावर क्रम स्पष्ट होतो. ज्या घरात कोणी विडी किंवा सिगारेट ओढत असेल, त्या घरात पहिले काम ती सोडण्याचे आहे आणि रेडॉन मोजण्याचे काम त्यानंतरचे आहे. मोजणीवर खर्च करायचा आणि अंगणात बसून विडी ओढत राहायची, याला अर्थ नाही. मात्र ज्यांना ती सोडता येत नाही, त्यांनी रेडॉन कमी केला तर फायदाही त्यांनाच सर्वांत जास्त होतो, हेही तितकेच खरे आहे.

आपला खडक काळा पाषाण आहे, मग चिंता कशाला?

हा आक्षेप योग्य आहे. कोल्हापूर दख्खनच्या बेसाल्टवर, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या खडकावर वसलेले आहे. बेसाल्टमध्ये युरेनियम ग्रॅनाईटच्या मानाने बरेच कमी असते. शिवाय आपल्याकडे थंड देशांसारखी सहा महिने घरे बंद करून तापवावी लागत नाहीत. खिडक्या उघड्या असतात, दार दिवसभर सताड असते. त्यामुळे बहुतेक घरांची पातळी कमी असावी, हा अंदाज शास्त्राला धरून आहे.

पण खडकावरून काढलेला अंदाज संपूर्ण परिसराला लागू पडतो, एका खोलीला लागू पडेलच असे नाही. एकाच गल्लीतल्या दोन घरांत कित्येक पटींचा फरक पडू शकतो, कारण जमिनीतली भेग, भरावासाठी आणलेला मुरूम, फरशीची अवस्था आणि हवा खेळण्याची सोय दोन्हीकडे सारखी नसते. त्यातच बेसमेंटमध्ये अभ्यासिका, क्लास, दवाखाने आणि कार्यालये चालू लागली आहेत. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले तिथे दिवसाचे दहा-बारा तास बसतात. एसी लावलेली, खिडकी नसलेली आणि तीन बाजूंनी मातीला टेकलेली खोली पूर्वीच्या हवेशीर सोप्यापेक्षा फार वेगळी असते. आपल्या भागात कोणी प्रथम मोजणी करायची असेल, तर ती या जागांपासून सुरू व्हावी.

तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर राहणाऱ्यांचा प्रश्न सोपा आहे. जमिनीपासून जितके वर जावे, तितका जमिनीतून येणारा वाटा घटत जातो. तिथे जो थोडा रेडॉन असतो, तो मुख्यतः भिंती आणि स्लॅबमधून येतो.

ग्रॅनाईटचा ओटा आणि बोअरचे पाणी

स्वयंपाकघरातला ग्रॅनाईटचा ओटा काढून टाकावा लागेल का, असे अनेकांना वाटते. ग्रॅनाईटमधून थोडा रेडॉन निघतो हे खरे, पण ओट्याची दगडी फळी पातळ असते, तिला पॉलिश केलेले असते आणि घराखालच्या जमिनीच्या तुलनेत तिचा वाटा सहसा नगण्य असतो. कडप्पा आणि शहाबादी हे तर चुनखडीचे दगड आहेत. ओटा फोडण्याचा खर्च आणि धूळ दोन्ही टाळावीत.

बोअरच्या पाण्यात जमिनीतला रेडॉन विरघळलेला असू शकतो आणि आंघोळ करताना, भांडी घासताना तो हवेत येतो. ढोबळ प्रमाण असे, की पाण्यात जितका रेडॉन असेल त्याच्या दहा हजारांश भाग घराच्या हवेत उतरतो. त्यात आपल्याकडे पाणी आधी गच्चीवरच्या टाकीत चढते, तिथे पडताना उसळते आणि काही काळ साठून राहते, त्यामुळे त्यातला बराच वायू वरच्या वर निघून जातो. बेसाल्टमधल्या बोअरसाठी हा मुद्दा दुय्यमच मानावा.

मोजणी कशी करतात?

मोजणीच्या तीन पद्धती आहेत. पहिलीत सक्रिय कोळशाची छोटी डबी दोन ते सात दिवस खोलीत उघडी ठेवून मग प्रयोगशाळेला पाठवतात. ही पद्धत झटपट आहे, पण त्या आठवड्यात हवामान जसे असेल तसा तिचा आकडा येतो.

दुसरी पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते. प्लास्टिकच्या एका लहान डबीत विशिष्ट फिल्मचा तुकडा बसवलेला असतो आणि डबी तीन महिने ते वर्षभर खोलीत टांगून ठेवतात. आत शिरलेल्या रेडॉनपासून निघालेला अल्फा कण त्या फिल्मवर आदळला, की तिथे डोळ्याला न दिसणारी जखम होते. नंतर प्रयोगशाळेत ती फिल्म गरम कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ठेवतात. द्रावण जखमेच्या जागी फिल्म अधिक वेगाने खाते, प्रत्येक खूण रुंद होते आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक छिद्र मोजता येते. छिद्रे जितकी जास्त, तितका त्या काळात रेडॉन जास्त. याला वीज लागत नाही, आवाज नाही, देखभाल नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राने आणि देशातल्या अनेक विद्यापीठांच्या भौतिकशास्त्र विभागांनी याच प्रकारच्या डब्या वापरून भारतातल्या निरनिराळ्या भागांतली घरे मोजली आहेत. म्हणून चौकशीची सुरुवात जवळच्या विद्यापीठातल्या अशा विभागाकडे करावी.

तिसरा प्रकार म्हणजे सतत आकडा दाखवणारे डिजिटल यंत्र. ते महाग असते, पण एकदा घेतले की सोसायटीतल्या किंवा भावकीतल्या पाच-सहा घरांनी आळीपाळीने वापरता येते. त्यावर रोज बदलणारा आकडा पाहून अस्वस्थ होऊ नये, किमान काही आठवड्यांची सरासरी पाहावी. खरेदी करताना एक काळजी घ्यावी. बाजारात हवेची गुणवत्ता दाखवणारी जी स्वस्त यंत्रे मिळतात, ती धूळ आणि कार्बन डायऑक्साइड मोजतात; रेडॉन मोजत असल्याचे यंत्रावर स्वतंत्रपणे लिहिलेले असावे लागते.

डबी किंवा यंत्र ठेवायचे ते राहत्या सर्वांत खालच्या मजल्यावरच्या झोपायच्या किंवा बसायच्या खोलीत, जमिनीपासून निदान दीड-दोन फूट उंच आणि खिडकी, पंख्याचा थेट झोत व बाहेरची भिंत यांच्यापासून दूर. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर टाळावे, कारण तिथली वाफ आणि हवेची सततची ये-जा मोजणी बिघडवते. काही दिवसांचीच चाचणी करायची असेल, तर आदल्या बारा तासांपासून दारे-खिडक्या शक्यतो बंद ठेवतात, म्हणजे वाईटात वाईट परिस्थिती कळते. कोल्हापूरला मात्र ऋतूंचा फरक मोठा असतो. जुलै-ऑगस्टच्या झडीत खिडक्या बंद असतात आणि भोवतालची चिंब माती वायूची बाहेरची वाट अडवून त्याला घराकडे वळवते, तर एप्रिल-मे महिन्यांत घर रात्रंदिवस उघडे असते. एकाच ऋतूतल्या आकड्यावर पैसे खर्च करण्याचा निर्णय घेऊ नये. वर्षभराची मोजणी जमत नसेल, तर पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा अशी दोनदा करावी.

आकडा जास्त आला तर?

पहिला उपाय आजपासून करता येतो आणि त्याला खर्च नाही. समोरासमोरच्या खिडक्या उघडून हवा आरपार खेळू द्यावी, बंद केलेले झरोके मोकळे करावेत. पातळी काही तासांत खाली येते, पण खिडक्या बंद झाल्या की ती पुन्हा चढते, हेही ध्यानात ठेवावे. बेसमेंटच्या खोलीत बाहेरची हवा आत ढकलणारा पंखा लावावा. फक्त आतली हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट फॅन लावला आणि बाहेरची हवा आत यायला वाट ठेवली नाही, तर खोलीतला दाब कमी होऊन जमिनीतून वायू अधिकच ओढला जाऊ शकतो. साधा एसी आतलीच हवा फिरवतो, त्याने काही साधत नाही. हवा शुद्ध करणारे यंत्र धूळ पकडते, वायूला अडवत नाही, त्यामुळे त्यावर विसंबू नये.

फटी बुजवणे हा दुसरा उपाय. पाईपभोवतीची भोके आणि फरशीचे तडे भरून घ्यावेत, मात्र एवढ्याने काम भागेल असे समजू नये. वायूला एक वाट बंद झाली, की तो दुसरी शोधतो.

आकडा 300 च्या पुढे टिकून राहत असेल, तर जगभर वापरला जाणारा खात्रीचा उपाय म्हणजे फरशीखालची हवा पाईपने खेचून छपरावर सोडणे. फरशीला एका कोपऱ्यात भोक पाडून खाली लहान खड्डा करतात, त्यात चार इंची पीव्हीसी पाईप उभा करतात आणि त्याला सतत चालणारा छोटा पंखा जोडतात. त्यामुळे फरशीखालचा दाब घरातल्या दाबापेक्षा कमी होतो आणि वायू घरात येण्याऐवजी पाईपची वाट धरतो. या पद्धतीने पातळी बऱ्याचदा 80 टक्क्यांहून अधिक घटते. आपल्याकडे गच्चीवर पापड-सांडगे वाळत घालतात, उन्हाळ्यात अंथरूणेही पडतात, म्हणून पाईपचे तोंड गच्चीवरच्या माणसाच्या डोक्याच्या बरेच वर आणि शेजारच्या खिडक्यांपासून दूर असावे. पंखा सुरू झाल्यावर मोजणी पुन्हा करायची असते. मध्येच दोन-चार तास वीज गेली, तर बिघडत नाही, कारण धोका वर्षांच्या सरासरीवर ठरतो.

नवीन घर बांधणाऱ्यांसाठी

हेच काम बांधकामाच्या वेळी केले, तर फार स्वस्तात होते. जोत्यात मुरमाचा भराव घातल्यावर आपले गवंडी दगडांचे सोलिंग करतात आणि त्यावर पीसीसी, म्हणजे सळ्या नसलेले साधे काँक्रीट, ओततात. सोलिंगच्या दगडांमधल्या मोकळ्या जागेतून हवा सहज फिरते, त्यामुळे वायू गोळा करण्याची जागा आपल्या पद्धतीत आधीपासूनच तयार असते. पीसीसी ओतण्याआधी सोलिंगवर वाळूचा पातळ थर देऊन जाड प्लास्टिकचा कागद अंथरावा, त्याचे जोड एकमेकांवर फूटभर चढवावेत आणि कागदाखालून एक चार इंची पाईप काढून तो भिंतीच्या कडेने गच्चीच्या वरपर्यंत न्यावा. या कागदाने ओलही कमी होते, ती गोष्ट वेगळी. पंखा आताच बसवण्याची गरज नाही. राहायला गेल्यानंतर वर्षभर डबी टांगून आकडा पाहावा आणि तो जास्त आला, तरच त्या पाईपला पंखा जोडावा.